सोनारानेच कान टोचले

आमच्या सिन्नरमध्ये सोनार म्हटलं की पेठेतला सोनार. दागिने घडवणारा, पोरांचे कान टोचणारा. दुसऱ्या कुठल्या सोनाराशी गाठ पडायचं कारणच नाही, कारण नकाशावर सरळ रेघ मारली तरी समुद्र सव्वाशे किलोमीटरवर आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. आमच्याकडे पाण्याचा प्रश्न म्हणजे टँकर कधी येणार हा. तेव्हा पाण्याखाली कान लावून बसणाऱ्या यंत्रांवर शनिवार-रविवार घालवणारा सिन्नरकर जरा वेडपटच म्हणायचा. पण या दुसऱ्या सोनाराची गोष्ट वाचत गेलो तसं लक्षात आलं की ती पाणबुड्यांइतकीच इंजिनिअर लोकांची गोष्ट आहे. तिचे धागे खडकवासला, लोणावळा, माझगाव, पुणे अशा आपल्या ओळखीच्या नावांमधून जातात आणि शेवटी तुमच्या घरातल्या वाय-फायच्या डबीपर्यंत येऊन पोचतात.

सुरुवात मात्र पाण्यापासून नको, जमिनीपासून करू. सिन्नर तालुक्यातल्या पांढुर्ली बाजूच्या गावांना देवळालीच्या तोफांचे आवाज नवीन नाहीत. तोफखान्याची शाळा, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी, देवळालीला आली, तेव्हापासूनचे शेजारी आहेत ते. आता समजा, तोफ डोंगराआड आहे. दिसत नाही, फक्त धडाम ऐकू येतं. ती नेमकी कुठे आहे हे कसं सांगणार?

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न लॉरेन्स ब्रॅग नावाच्या तरुणाने सोडवला. (हा तोच ब्रॅग, ज्याला १९१५ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी वडिलांबरोबर नोबेल मिळालं.) युक्ती ऐकायला सोपी आहे. आघाडीच्या मागे मायक्रोफोनांची रांग मांडायची. तोफेचा आवाज एका मायक्रोफोनला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. तो किंचित उशीर नीट मोजला की आवाज कुठल्या दिशेने आला ते कळतं. अशा दोन-तीन दिशा कागदावर आखल्या की जिथे रेघा छेदतात तिथे तोफ. गंमत म्हणजे त्याच सुमारास थोरले ब्रॅग, विल्यम हेन्री, ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांची चाहूल घेण्याच्या उद्योगात होते. बाप पाण्यात, मुलगा जमिनीवर, आणि गणित दोघांचं एकच: अनेक कान, त्यांच्यामधले वेळेचे बारीक फरक, आणि त्यातून दिशा. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला शेवटपर्यंत उपयोगी पडणार आहे.

पाण्यात रेडिओलहरी आणि रडार जवळजवळ निरुपयोगी. खाऱ्या पाण्यात त्या थोड्याच अंतरात विरून जातात. प्रकाशाचंही तेच. लांब जातो तो फक्त आवाज, आणि तोही सेकंदाला साधारण दीड किलोमीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. म्हणून पाण्याखाली बघायचं असेल तर ऐकावंच लागतं. नुसतं ऐकायचं, किंवा आपणच एक 'पिंग' सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. दुसरा प्रकार पॅरिसमध्ये पॉल लांजव्हँ या भौतिकीच्या प्राध्यापकाने पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झच्या स्फटिकावर उभा केला. स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो, आणि थरथरवला की वीज देतो. तोंडही तोच, कानही तोच.

पुस्तकात इथे धडा संपतो. समुद्रात खरी भानगड इथे सुरू होते. पाण्यात आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. ऊन पाण्यात जास्त, थंड पाण्यात कमी. अरबी समुद्रासारख्या उष्ण समुद्रात वर कोमट पाण्याचा थर आणि त्याखाली झपाट्याने थंड होत जाणारं पाणी. आवाजाची किरणं नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतात, म्हणजे जहाजाने सोडलेला पिंग सरळ पुढे न जाता खाली वाकतो आणि पुढे एक सावलीचा पट्टा तयार होतो, जिथे तो पोचतच नाही. पाणबुडीचा कॅप्टन हुशार असेल तर त्या सावलीत जाऊन बसतो. त्यात जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाचा, पंख्याचा, अंगावरून वाहणाऱ्या पाण्याचा गोंगाट वेगळाच. जितकं जोरात जाल तितकं बहिरं व्हाल. आणि आपल्याकडची यंत्रं होती ब्रिटिशांची, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी बनलेली. आपल्या समुद्राचा स्वभाव त्यांच्या हिशेबात नव्हता.

याची किंमत ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री मोजली गेली. युद्ध सुरू होऊन सहा दिवस झाले होते. कराचीवर क्षेपणास्त्र-बोटींचा हल्ला झालेला, देशात जल्लोष. दीवच्या नैर्ऋत्येला एका पाणबुडीचा सुगावा रेडिओ-संदेशांवरून लागला आणि मुंबईहून आयएनएस खुकरी आणि आयएनएस कृपाण तिच्या शोधात निघाल्या. दोन्ही जहाजं पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती, म्हणजे हे काम त्यांचंच. पण समोरची हंगोर ही फ्रेंच बनावटीची, तेव्हाची आधुनिक पाणबुडी, आणि तिचे कान या जहाजांच्या कानांपेक्षा कितीतरी तिखट होते. शिकाऱ्याला सावज दिसायच्या आधी सावजानेच शिकारी हेरला. पहिला टॉर्पेडो कृपाणवर गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो.

शाळेत न सांगितलेली एक गोष्ट नौदलाच्या इतिहासात आहे. खुकरीवर त्या दिवसांत सोनारची एक प्रायोगिक सुधारणा तपासली जात होती. नौदलाच्याच एका तरुण लेफ्टनंटने ती बनवली होती, व्ही. के. जैन त्याचं नाव, आणि तो स्वतः जहाजावर होता. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून जहाज संथ ठेवलं गेलं, हे बुडण्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर निवृत्त अधिकारी आजही वाद घालतात. मी कोण त्यात बोलणारा. पण एक मात्र मला वाचता वाचता थांबवून गेलं. आपण सॉफ्टवेअरवाले 'प्रॉडक्शनवर टेस्टिंग करू नका' असं हसत हसत म्हणतो. इथे भर युद्धात, शत्रूच्या पाणबुडीच्या मागावर असलेल्या जहाजावर प्रोटोटाइप चालवावा लागला, कारण शांततेच्या काळात तो चालवायची व्यवस्था, प्रयोगशाळा, चाचणीचं जहाज, कारखाना यातलं काहीच पुरेसं उभं नव्हतं. त्या लेफ्टनंटला दोष द्यावासा मला तरी वाटत नाही. दुखणं ओळखून त्यावर औषध करायला बसलेला तो माणूस होता.

सोनारानेच कान टोचावेत, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ते शब्दशः झालं.

पुढचं नाव आरोग्यस्वामी पॉलराज. जन्म १९४४, कोइमतूरजवळच्या पोल्लाचीचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी खडकवासल्याला एनडीएत आला, तिथून लोणावळ्याला नौदलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आयएनएस शिवाजीवर. मुंबई-पुणे करताना लोणावळ्याला आपण चिक्की घेतो त्याच गावात. नौदलाने त्यांना १९६९ मध्ये एमटेकसाठी आयआयटी दिल्लीला पाठवलं. तिथे प्रा. पी. व्ही. इंदिरेशन यांना हा मुलगा एमटेकच्या साच्यात मावणारा वाटला नाही. त्यांनी पीएचडीचा आग्रह धरला. नौदलाच्या नियमात असं काही बसत नव्हतं. अधिकाऱ्याने शिकून यावं आणि जहाजावर रुजू व्हावं, डॉक्टरेट कशाला? शेवटी मुदतीची अट घालून परवानगी मिळाली. प्रबंधाचा विषय गोंगाटातून सिग्नल कसा ओळखायचा याच्या गणितातला, अगदी कागद-पेन्सिलवाला. सोनारचा त्यात संबंध नाही.

या गणिताची गोडी लागायला कारण झाले ते थॉमस कैलाथ. स्टॅनफर्डचे प्राध्यापक, आयआयटी दिल्लीत व्याख्यानं द्यायला आलेले. आणि हे कैलाथ कुठले? पुण्याचे! जन्म १९३५ पुण्यात, घर मल्याळी, शाळा सेंट व्हिन्सेंट, १९५६ ला सीओईपीतून टेलिकम्युनिकेशनची पदवी, मग एमआयटी. (सीओईपीवाल्यांनो, कॉलर ताठ करा. :-) त्याच काळात आयआयटी दिल्लीतच अकोला जिल्ह्यातला विजय भटकर नावाचा एक तरुण पीएचडी करत होता, ती त्याने १९७२ मध्ये मिळवली. त्याचं पुढे काय झालं ते पुण्यात पाषाण रोडवरून जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे.)

युद्ध संपलं आणि नौदलाने पॉलराजना आयआयटीतच परत पाठवलं, पण या वेळी काम हातात देऊन: खुकरीसारख्या जहाजांवर जो सोनार होता, ब्रिटिश टाइप १७०, त्याला सुधारा. म्हणजे ज्या नौदलाला दोन वर्षांपूर्वी आपला अधिकारी पीएचडी का करतोय हे समजत नव्हतं, तेच आता त्या पीएचडीच्या दारात उभं होतं. १९४ माणसं गेल्यावर.

आयआयटीच्या कॅम्पसवर समुद्र नाही, दिल्लीत तर नाहीच. पण सोनारचा निम्मा प्रश्न समुद्रात नसतोच. पाण्यात जे ऐकू येतं त्यात प्रतिध्वनी असतो, पण तो लाटा, मासे, तळावरून परतलेला आवाज आणि स्वतःच्या जहाजाची घरघर या सगळ्याखाली गाडलेला असतो. जुन्या यंत्रात तो शोधण्याचं बरंचसं काम हेडफोन लावून बसलेल्या नौसैनिकाच्या कानाचं आणि अनुभवाचं. तिथे सिग्नल प्रोसेसिंगचं नवीन गणित आणि नवीन सेमीकंडक्टर इलेक्ट्रॉनिक्स आणलं तर तोच कान जास्त लांबचं ऐकू शकतो. काळ लक्षात घ्या. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला, म्हणजे खुकरी बुडण्याच्या महिनाभर आधी. दिल्लीतल्या प्रयोगशाळेत सुट्या चिप मिळवणं हेच एक प्रकरण होतं.

तरी ते झालं. सुधारित आवृत्ती, १७०-एम, प्रयोगशाळेतून समुद्रात गेली, चाचणीत उतरली आणि नौदलाने ती स्वीकारली. विद्यापीठातल्या खोलीत बनलेली गोष्ट जहाजावर बसली आणि चालली, हे त्या काळात भारतात किती वेळा झालं असेल? मला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उदाहरणं सापडतात.

त्यानंतर पॉलराज इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात वर्षभर सोनारवर काम करून आले, आणि मग मोठं काम आलं. सुधारणा नाही, आपला स्वतःचा सोनार. पहिल्या पानापासून. जागा कोचीची नौदल भौतिकी आणि समुद्रविज्ञान प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीओची एनपीओएल. उत्पादन बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे. नाव अप्सोह, म्हणजे 'ॲडव्हान्स्ड पॅनोरमिक सोनार हल-माउंटेड'. मोठं भारदस्त नाव आहे, पण त्यातला महत्त्वाचा शब्द 'पॅनोरमिक'. जुना १७० हा बॅटरीच्या झोतासारखा. एका वेळी एका दिशेला वळवून बघायचं. इकडे बघताय तोवर तिकडून कोण आलं ते कळत नाही. पॅनोरमिक सोनारमध्ये जहाजाच्या पोटाखाली अनेक ट्रान्सड्यूसर गोलाकार बसवलेले असतात आणि ते सगळे एकाच वेळी ऐकतात. मग प्रत्येक कानाला आलेला आवाज योग्य तेवढा उशीर देऊन बेरीज केली की एका विशिष्ट दिशेचा आवाज ठळक होतो, बाकीचे एकमेकांत मिटून जातात. उशीर बदलला की दिशा बदलली. यंत्र हलवायचंच नाही, गणित हलवायचं. पुन्हा ब्रॅगची मायक्रोफोनांची रांगच, फक्त आता ती रांग बोटीच्या पोटात गोल मांडलेली आणि हिशेब कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक्स करतंय, चारी दिशांचा, सतत.

१९८३ मध्ये अप्सोह आयएनएस हिमगिरीवर समुद्रात उतरला. हिमगिरी ही माझगाव डॉकमध्ये बांधलेली लिअँडर वर्गाची फ्रिगेट, १९७४ ची. पुढे माझगावलाच बांधलेल्या गोदावरी वर्गातल्या गंगा आणि गोमती या जहाजांवर अप्सोह बसला. (वर्गाचं नाव गोदावरी, आणि ती उगम पावते आमच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वराला. तेव्हा सिन्नरकराचा हक्क थोडा तरी सिद्ध झाला म्हणायचा.) अप्सोहच्या वंशातून पुढे हमसा नावाची मालिका आली आणि नंतरच्या देशी युद्धनौकांवर ती दिसते. १९७१ मध्ये दुसऱ्याच्या जुन्या कानांनी ऐकणारं नौदल बारा वर्षांत स्वतःचे कान बनवायला लागलं होतं.

बारा वर्षं हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या धंद्यात दोन आठवड्यांचे स्प्रिंट. बारा वर्षांत तीन कंपन्या, दोन देश आणि एक घराचं कर्ज होऊन जातं. इथे एकच प्रश्न, तोच माणूस, आणि मध्ये बदल्या, परदेशी खरेदीचा कायम खुणावणारा सोपा पर्याय, 'आपल्याला जमणार नाही' म्हणणारे वरिष्ठ, हे सगळं. परदेशी सोनार विकत घेणं गुन्हा नाही, पण विकत घेतलेला कान विकणाऱ्याला जेवढं ऐकवायचंय तेवढंच ऐकतो. त्याच्या आतलं गणित कुणी सांगत नाही, आणि आपल्या उष्ण समुद्रासाठी ते बदलूनही मिळत नाही.

विद्यापीठ आणि कारखाना यांची जोडी समुद्राच्या बाबतीत जुनी आहे म्हणा. ग्लासगोला लॉर्ड केल्व्हिन भौतिकीचे प्राध्यापक, आणि जेम्स व्हाइट गावातला उपकरणं बनवणारा. केल्व्हिननी १८७२ मध्ये पियानोच्या तारेने समुद्राची खोली मोजायचं यंत्र काढलं, व्हाइटच्या कारखान्यात अशी यंत्रं बनत गेली आणि जगभरच्या जहाजांवर पोचली. भरती-ओहोटीचं भाकीत करणाऱ्या केल्व्हिनच्या यंत्राच्या धर्तीवर १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली एक दातेरी चाकांचा संगणकच बनला. त्याला खाद्य लागायचं ते आपल्या बंदरांवरच्या मोजणीचं. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापकाच्या नोंदी आहेत, हिंद महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी त्या एक. म्हणजे मोजणी इथली, यंत्र आणि गणित तिकडचं. शंभर वर्षांनी कोचीत जे झालं त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं: या वेळी तिन्ही गोष्टी इथल्या होत्या.

आता कडू भाग. काम झालं, पण ते काम कुणाला दिसलं? संरक्षणाचं संशोधन गुपित. त्यावर शोधनिबंध छापून येत नाहीत, विद्यार्थी पुढे नेत नाहीत, कुणी त्यातून कंपनी काढत नाही. अप्सोहमधलं ज्ञान सिव्हिल बाजूला, म्हणजे मासेमारी, बंदरं, वैद्यकीय अल्ट्रासाउंड, तेलविहिरी इकडे झिरपायला हवं होतं. गणित तेच तर आहे. ते झिरपलं नाही असं मी ठामपणे म्हणतो, कारण झिरपलं असतं तर आज हॉस्पिटलांतली सोनोग्राफीची मशिनं एवढ्या प्रमाणात बाहेरून का आली असती? गुप्तता हवी हे मान्य. पण कशाची गुप्तता? जहाजाचा पल्ला किती, कमजोरी कुठे, हे गुपित. बीमफॉर्मिंग कसं करायचं हे गुपित नव्हे. आपण दोन्ही एकाच कपाटात ठेवून किल्ली हरवली.

आणि तो माणूस? अप्सोह झाल्यावर १९८३ मध्ये पॉलराज रजेवर स्टॅनफर्डला गेले, कैलाथ यांच्याकडे. तिथे त्यांनी, रिचर्ड रॉय आणि कैलाथ यांनी मिळून 'एस्प्रिट' नावाची पद्धत काढली. अनेक कानांना आलेल्या सिग्नलवरून दिशा कशी काढायची, याचीच. आज सिग्नल प्रोसेसिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला ती अभ्यासाला असते. मग ते परत आले. बंगळूरचं कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्स केंद्र, आपली पुण्याची सी-डॅक, भारत इलेक्ट्रॉनिक्सची केंद्रीय संशोधन प्रयोगशाळा, या तिन्हींच्या उभारणीत त्यांचा हात होता. आणि १९९१ मध्ये मुदतीआधी नौदलातून निवृत्त होऊन पुन्हा स्टॅनफर्ड, या वेळी कायमचे.

तिथे १९९२ मध्ये जे सुचलं ते सोनारवाल्यालाच सुचू शकतं असं मला वाटतं. विमानातून टेहळणी करताना एकमेकांत मिसळलेले रेडिओ-सिग्नल वेगळे कसे करायचे यावर ते काम करत होते. आसपासच्या वस्तूंवर आपटून सिग्नल जेवढे विखुरतात तेवढे ते वेगळे करणं सोपं जातं, असं त्यांच्या ध्यानात आलं. समुद्रात प्रतिध्वनींचा गोंधळ हा शत्रू. आयुष्यभर ज्याच्याशी भांडण केलं तोच शहरातल्या भिंतींमध्ये मित्र निघाला! पाठवणाऱ्या बाजूला अनेक अँटेना, ऐकणाऱ्या बाजूला अनेक अँटेना, एकाच फ्रीक्वेन्सीवर एकाच वेळी अनेक धारा सोडायच्या, आणि भिंतींवरून उसळून आलेल्या खिचडीतून गणिताने त्या वेगळ्या करायच्या. पॉलराज आणि कैलाथ यांनी १९९२ मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते १९९४ मध्ये मिळालं. हेच ते मायमो. २००९ चं वाय-फाय ८०२.११-एन, ४-जी, ५-जी, सगळ्याच्या मुळाशी ते आहे. तुमच्या राउटरला दोन-चार शिंगं का असतात, त्याचं उत्तर हे. सुरुवातीला उद्योगाने हे अव्यवहार्य म्हणून उडवून लावलं, तेव्हा त्यांनी कंपनी काढून करून दाखवलं. ती इंटेलने २००३ मध्ये घेतली, दुसरी बीसीम २०१० मध्ये ब्रॉडकॉमने. पद्मभूषण २०१०, मार्कोनी पुरस्कार २०१४.

'ब्रेन ड्रेन' म्हणून उसासा टाकण्यात मला रस नाही. माणूस २६ वर्षं नौदलात राबला, कुणाचं देणं लागत नव्हता. माझा प्रश्न वेगळा आहे. स्टॅनफर्डला प्राध्यापक, पेटंट, कंपनी, आणि ती विकत घेणारा उद्योग हे सगळं सायकलने जाण्याच्या अंतरावर होतं. इथे तीच साखळी एकदाच जुळली, १९७२ ते १९८३, आणि तीही एका माणसाच्या अंगावर गणवेश आणि खिशात पीएचडी दोन्ही असल्यामुळे. तो निरोप्या गेला की दोन्ही टोकं पुन्हा आपापल्या जागी. आयआयटी दिल्लीत पाण्याखालच्या इलेक्ट्रॉनिक्सची परंपरा चालू राहिली, नौदलाचे अधिकारी अजूनही तिथे शिकायला येतात, हे खरं. पण त्यातून बाजारात दिसणारा उद्योग उभा राहिला नाही.

याच्या उलट, उघड्यावर केलेलं काम बघायचं तर गोव्याला जा. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ची, आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेतून जन्मलेली. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथल्या उपकरणवाल्यांनी काय केलं? पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर मांडवीकाठी वेरेंच्या धक्क्याला बांधला, त्याला मोबाइलचं मोडेम जोडलं, आणि समुद्राची पातळी थेट वेबपेजवर टाकली. जीपीआरएसवर! ज्या जीपीआरएसवर आपण क्रिकेटचा स्कोअर बघायला रडायचो. सप्टेंबर २००७ च्या सुमात्रा भूकंपानंतर आलेल्या छोट्या त्सुनामीची नोंद या जाळ्याने केली. हे सगळं त्यांनी छापलं, कुणीही वाचावं. त्याच संस्थेत लिस्बनच्या तंत्रविद्यापीठाच्या साथीने 'माया' नावाचं छोटं स्वयंचलित पाणबुडं बनलं, दोनशे मीटरपर्यंत बुडी मारून पाण्याचं तापमान, क्षारता, हरितद्रव्य मोजणारं. पाणबुड्या पकडण्याइतकं ते थरारक नाही. पण समुद्राचं तापमान हा सिन्नरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सोनारपेक्षा जवळचा विषय आहे. पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये दाखवलं की समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर तापला की मान्सूनचे ढग तिथे सहज उभे राहतात, त्याखाली मारामार. आमच्या पर्जन्यछायेतल्या बाजरीचं भवितव्य असं कुणी तरी बंगालच्या उपसागरात बुडवलेल्या थर्मामीटरवर लिहिलेलं असतं.

आता सिन्नरचं काय? मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी मिळून इथे सीएनसीवर काम करणारे हात भरपूर आहेत. ओझरला एचएएल १९६० च्या दशकापासून आहे, त्यामुळे नाशिक पट्ट्याला मायक्रॉनची भाषा समजते. पाण्याखालच्या सेन्सरमध्ये असतं तरी काय? एक पिझो-सिरॅमिकची चकती, तिच्यावर पाणी न शिरू देणारं पॉलियुरेथेनचं ओतकाम, गंज न चढणारं कवच, पाणबंद कनेक्टर, आणि मागे थोडं इलेक्ट्रॉनिक्स. दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दोनशे मीटरवर कवचाला वीस वातावरणं झेलायची. त्याची चाचणी करायला समुद्र लागत नाही, पाण्याने भरलेलं जाड भिंतींचं दाबपात्र पुरतं, आणि ते बनवणारी माणसं वसाहतीत चहाच्या टपरीवर भेटतात.

अडतं ते ऑर्डरवर. एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "वर्षाला किती नग?" मी म्हणालो, पन्नास असतील. तो म्हणाला, "दादा, पन्नास नगांना मी फिक्श्चरपण बनवत नाही." त्याचं चूक नाही. वाहनांचे सुटे भाग महिन्याला हजारांनी जातात. पन्नास नगांचा धंदा तेव्हाच परवडतो जेव्हा घेणारा दहा वर्षं घेत राहील याची खात्री असते, आणि डिझाइन करणारा फोनवर उपलब्ध असतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सला ती खात्री सरकारकडून होती. २०१८ मध्ये संरक्षण खात्याने आयडेक्स नावाची योजना काढली, त्यात छोट्या कंपन्यांना नौदलाचे प्रश्न थेट दिले जातात, प्रोटोटाइपला पैसे मिळतात. चांगलंच आहे. पण प्रोटोटाइपनंतरची दहा वर्षं कोण पोसणार, हा टपरीवरचा प्रश्न तिथेही उभा आहे. विद्यापीठाला निबंध छापला की संपतं, कारखान्याचं तिथे सुरू होतं.

दीवला समुद्राकाठच्या टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या घुमटात जहाजाची छोटी प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. त्याच नावाची दुसरी आयएनएस खुकरी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली कॉर्व्हेट, ऑगस्ट १९८९ मध्ये मुंबईत नौदलात आली, ३२ वर्षं चालली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर दीवलाच नेऊन ठेवली. तिकडे सुट्टीला गेलात तर नुसता बीच करून परत येऊ नका.